छागल भिजली की निघायचं

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे. छागल म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसणार. त्यात तुमचा दोष नाही. तुमच्या हातात बाटल्या आल्या आणि आमची सद्दी संपली. जाड कॅनव्हासची पिशवी, तोंडाला लाकडी बूच आणि धरायला वर दोरी, एवढाच माझा जामानिमा. माझ्या विणीतून पाणी हळूहळू पाझरतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. भर वैशाखात माझं पाणी पिताना माणसं डोळे मिटून घ्यायची. आता मी एका खिळ्याला लटकलेली आहे. अंगावर धूळ साचलीय आणि पोटात कोळ्यानं बिऱ्हाड थाटलंय. चालायचंच.

माझा जन्म औरंगाबादेतला, म्हणजे तुमच्या आजच्या छत्रपती संभाजीनगरातला. ताडपत्र्या आणि तंबू शिवणाऱ्या अन्सारमियांनी मला शिवलं. बोटाला सुई टोचली की ते मलाच रागवायचे, जशी काही मीच टोचली! पण शिवण अशी पक्की घातली की आजही एक टाका उसवलेला नाही. मला विकत घेणाऱ्या माणसाच्या हातात देताना ते म्हणाले, "पहले रातभर भिगाव, फिर भरो. और इसकू सुकने नक्को देना, साब. सुकी तो रूठ जाती."

ते अगदी खरं होतं. कोरड्या छागलीत पाणी ओतलं तर ती गळते. आधी भिजवावी लागते, सूत फुगावं लागतं, मगच ती पाणी धरते. आम्ही जरा मानी असतो.

मला घेणारे होते कडूबाभाऊ. ते पाटबंधारे खात्यात मोजणीच्या कामाला होते. तेव्हा पैठणला जायकवाडीचं धरण उभं राहत होतं आणि भाऊ कालव्यांच्या मोजणीसाठी रानोमाळ हिंडत होते. त्यांच्या स्कूटरच्या मागं, स्टेपनीला माझी जागा होती. अशाच एका फेरीत त्यांना हुलग्याच्या पोत्याआड कुत्र्याचं पिल्लू सापडलं. रंगानंही ते हुलग्यासारखंच होतं, तपकिरी, आणि त्यावर काळे ठिपके. भाऊंनी त्याचं नाव हुलग्या ठेवलं आणि त्याला सदऱ्यात घालून औरंगपुऱ्यातल्या घरी आणलं.

घरात द्वारकाबाई होत्या, भाऊंच्या पत्नी. त्यांनी कमरेला पदर खोचून सांगितलं, की या घरात एक तर हे कुत्रं राहील, नाही तर मी. झालं असं, की दोघंही राहिले.

भाऊंना रविवारची सुट्टी. हुलग्या मोठा झाला तसा त्यांना एक नादच लागला. रविवारी हुलग्याला घेऊन रानात जायचं आणि दिवस मावळता परत यायचं. एसटीत कुत्र्याला घेत नाहीत, म्हणून हुलग्याला स्कूटरवर उभं राहायला शिकवलं. तो पुढं, भाऊंच्या पायांमध्ये उभा राहायचा, कान वाऱ्यावर सोडून. रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघायची आणि तो मात्र जहागीरदारासारखा नाक वर करून उभा.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, कुत्र्याला फिरवायला काय अक्कल लागते? लई लागते! भाऊंचा शनिवार त्या विचारातच जायचा. उन्हाळ्यात डांबर तापतं, पंजे भाजतात, म्हणून सकाळी लवकर पोचता येईल असं ठिकाण हवं. तिथं सावली हवी, पाणी हवं. ज्या गावाचा बाजार त्या दिवशी, ते गाव नको. धनगरांचे कळप उतरलेत तो माळ नको, कारण मेंढ्यांची राखण करणारी कुत्री परक्याची गय करत नाहीत. कधी दौलताबादच्या अंगाला, कधी म्हैसमाळला. पण भाऊंचा खरा जीव होता पैठणच्या रस्त्यावर, बिडकीनच्या अलीकडच्या एका शेतात.

एकदा ठिकाण ठरलं की भाऊ शनिवारी संध्याकाळी मला बादलीत बुडवायचे. ओल्या कॅनव्हासचा वास सुटला की हुलग्या कुठंही असो, धावत यायचा. मला हुंगायचा, बादलीभोवती गरगर फिरायचा आणि त्या रात्री आनंदानं जेवायचासुद्धा नाही. सकाळी स्कूटर उभी असायची त्या फरशीवर जाऊन बसायचा. तेलाचे डाग पडून ती फरशी काळी झाली होती, तीच त्याची जागा.

म्हणून भाऊंनी एक नियम केला. छागल भिजली की निघायचं. एकदा मला भिजवलं आणि सकाळी पाहुणे दारात. द्वारकाबाई म्हणाल्या, आता राहू द्या. भाऊंनी पाहुण्यांना चहा दिला, हात जोडले आणि हुलग्याला निदान छावणीपुढच्या माळावर नेऊन आणलं. परत आल्यावर म्हणाले, "मुक्या जिवाला खोटं सांगू नये. आपण शब्द दिलाय त्याला."

द्वारकाबाई मात्र कधी आल्या नाहीत. भाऊ दर शनिवारी मला बुडवता बुडवता विचारायचे, उद्या येतेस का? त्या म्हणायच्या, "पुढच्या रविवारी बघू." कधी धुणं असायचं, कधी पापड. खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या बाया नळावर म्हणायच्या, लोक लेकरांना फिरवतात आणि यांचा कडूबा कुत्र्याला. ते त्यांच्या काळजाला लागायचं. त्या स्कूटरवर बसून, पुढं हुलग्याला उभं करून क्रांती चौकातून जायचं म्हणजे साऱ्या गावाला आपलं दुःख दाखवत हिंडायचं, असं त्यांना वाटायचं. मग त्यांचा राग भाऊंच्या शिदोरीच्या भाकरींवर निघायचा. एक माणूस आणि एक कुत्रं, त्यांना एवढी चवड लागते कशाला, असं पुटपुटत त्या थापत राहायच्या. पण थापायच्या, हं. कमी कधी केल्या नाहीत.

भाऊंनी त्यांना कधी आग्रह केला नाही. पुढच्या रविवारी, एवढंच त्या म्हणायच्या आणि भाऊ मान डोलवायचे.

एका पावसाळ्यात भाऊंना कावीळ झाली. ती अंगावर काढली आणि फार वाढली. आठवड्याभरात भाऊ गेले.

स्कूटर भाऊंच्या पुतण्यानं नेली. मला द्वारकाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला अडकवलं. हुलग्या रोज येऊन मला हुंगायचा. मी कोरडी असायची. मग तो जाऊन पडून राहायचा. लोक म्हणायचे, मालकाचा धसका घेतला कुत्र्यानं. असेलही. पण रोज नाक वर करून तो मलाच विचारत होता, कधी निघायचं? मित्रांनो, पाण्यासाठी जन्माला आलेल्या छागलीनं कोरडं लटकणं काय असतं, ते मी तेव्हा शिकले. वारा खिडकीतून यायचा आणि मला वाटायचं, आता स्कूटरला किक बसेल. बसायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी घरातला माठ तडकला. दुसरा आणीपर्यंत काय करायचं, म्हणून द्वारकाबाईंनी मला खाली काढलं आणि बादलीत बुडवलं. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. गार पाणी हवं होतं, एवढंच.

हुलग्या आता म्हातारा झाला होता. मागच्या पायात जोर नव्हता, एका डोळ्यात मोतीबिंदू आला होता. पण वास सुटला आणि तो उठला. बादलीभोवती फिरला, अडखळत फिरला, पण फिरला. द्वारकाबाईंनी भाकरी कुस्करून दिली, ती त्यानं खाल्ली नाही. त्यांना वाटलं, याचेही आता दिवस भरत आले.

सकाळी त्या मला भरून, टांगायला म्हणून बाहेर घेऊन आल्या आणि थबकल्या. हुलग्या त्या काळ्या फरशीवर ताठ बसला होता. तिथं स्कूटर नव्हती. तरी तो बसला होता, तोंड रस्त्याकडं करून.

द्वारकाबाई उंबऱ्यातच खाली बसल्या.

"अरं देवा," त्या म्हणाल्या, "मी तुला सांगून बसले व्हय?"

 मला मांडीवर धरलं होतं, त्यांचं लुगडं भिजत होतं. मग त्या उठल्या, चुलीवर तवा टाकला, भाकरी केल्या आणि शेजारच्या जहांगीरची रिक्षा बोलावली. नळावर बाया होत्याच. द्वारकाबाईंनी त्यांच्या देखत हुलग्याला उचलून रिक्षात ठेवलं आणि मला दांडीला अडकवलं. कुणाकडं बघितलंसुद्धा नाही.

क्रांती चौकात जहांगीरनं रिक्षा बाजूला घेतली. डावीकडं जालन्याचा रस्ता, उजवीकडं दौलताबादचा, समोरून पैठणच्या रस्त्याला जायचं. त्यानं विचारलं, "काकू, किदर जाना?"

द्वारकाबाईंना कुठं ठाऊक होतं! इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "हमकू नई मालूम, बाबा. इसकू पूछ."

जहांगीर हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं हुलग्याकडं पाहिलं. हुलग्यानं नाक समोर केलं. रिक्षा समोर निघाली. पुढं प्रत्येक फाट्यावर असंच झालं. बिडकीनच्या अलीकडं एका कच्च्या रस्त्यापाशी हुलग्या उठून उभा राहिला आणि कण्हल्यासारखं भुंकला. तिथं रिक्षा वळली.

गावाच्या वेशीवर पाच-सहा कुत्री धावून आली आणि रिक्षाभोवती गिल्ला झाला. जहांगीर घाबरला. हुलग्या मात्र शांत बसून द्वारकाबाईंकडं बघत राहिला, मग भाकरीच्या फडक्याकडं. द्वारकाबाईंनी एक तुकडा टाकला. एक कुत्रं गप्प झालं. दुसरा टाकला, दुसरं गप्प झालं. ही वेशीवरची जकात होती! ती भरल्याशिवाय परक्या कुत्र्याला गावातून वाट नव्हती. सगळं फडकं रिकामं झालं तेव्हा कुत्री बाजूला झाली. द्वारकाबाई हसल्या. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. "इथं जात होत्या व्हय माझ्या भाकरी," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

शेत सरूबाईंचं होतं. विहीर होती आणि विहिरीजवळ कवठाचं झाड. सरूबाई खुरपं टाकून आल्या, हुलग्याच्या गळ्यात पडल्या आणि मग रिक्षाच्या मागं बघू लागल्या. भाऊ कुठं राहिले, असं त्यांनी विचारलं. त्या बिचारीला काही कळलेलंच नव्हतं. द्वारकाबाईंनी सांगितलं. दोघी बाया कवठाखाली उभ्या राहून रडल्या.

मग सरूबाईंनी डोळे पुसले आणि त्यांना नीट न्याहाळलं. म्हणाल्या, "तुमी द्वारकाबाई. भाऊ दर खेपेला म्हणायचे, पुढच्या रविवारी तिला आणतो." मग बुंध्याजवळच्या एका सपाट दगडाकडं बोट दाखवलं. "ह्यो तुमचा दगड. विहिरीवरून भाऊंनी एकट्यानं लोटत आणला. सोता खाली मातीत बसायचे. हुलग्यालाबी त्याच्यावर बसू देत नव्हते. तिची जागा हाय म्हणायचे."

 द्वारकाबाईंनी दगडावरून हात फिरवला आणि हळूच त्यावर बसल्या. हुलग्या येऊन त्यांच्या पायाशी मातीत पसरला, जसा भाऊंशेजारी पसरायचा. मला त्यांनी मांडीवर घेतलं, बूच काढलं, थोडं पाणी ओंजळीत घेऊन त्याला पाजलं आणि मग स्वतः प्यायल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. सरूबाईंनी कालवण-भाकर आणली, जहांगीर जेवून सावलीत झोपला, ऊन कलंडलं, तरी त्या उठल्या नाहीत. निघताना दगडाला म्हणाल्या, "यायला पाहिजे होतं मी."

त्यानंतर काही रविवार आम्ही तिथं गेलो. भाकरी जकातीसकट व्हायच्या. श्रावणात हुलग्या गेला. त्याला त्या कवठाखालीच ठेवला, दगडाच्या शेजारी.

आता द्वारकाबाईही नाहीत. मी त्याच पुतण्याच्या घरात खिळ्याला आहे. इथं एक छोटं कुत्रं आहे, मऊ केसांचं. ते दिवसभर खिडकीत पंजे टेकून रस्त्याकडं बघतं. घरातली माणसं त्याला लाडानं म्हणतात, पुढच्या रविवारी जाऊ हं. तो शब्द कानावर आला की माझी वीण आखडते. मी तो फार वेळा ऐकला आहे.

मित्रांनो, एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरात कुणी असं रस्त्याकडं बघत बसलेलं असेल, कुत्रं असेल, नाही तर माणूस असेल, तर मला खाली काढा. धूळ झटका, कोळ्याला दुसरीकडं जागा द्या आणि रातभर भिजवा. सुरुवातीला मी गळेन. रागावू नका, इतक्या वर्षांची रुसलेली आहे. सूत फुगलं की पाणी धरीन, आणि असं गार करीन की डोळे मिटून घ्याल.

फक्त एक करा. भिजवलंत, तर निघा.