तीन मिलिमीटर आणि वर तीस मायक्रॉन

मित्रांनो, मी सुताराचा एक जुना गुण्या आहे. मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही. मोजणे तेवढे येते, आणि माझ्या मोजण्यावरही आता फारसा कुणाचा भरवसा उरलेला नाही. तरी सांगतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

सान्जो गावातल्या एका लोहाराने मला पोलादाच्या पट्टीतून घडवले. काटकोनात दोन हात आणि त्यांवर बारीक कोरलेल्या रेघा. माझी मापे शाकूची. शाकू म्हणजे तुमच्या फुटाहून किंचित कमी. त्याचा दहावा भाग सुन, सुनचा दहावा बू, बूचा दहावा रिन आणि रिनचा दहावा मो. मोची रेघ माझ्या अंगावर नाही. इतके बारीक कोरताच येत नाही. ते माप सुताराच्या बोटांत असते, असे लोहार म्हणायचा.

ती बोटे मला यासोकिचीकडे भेटली. यासोकिची लाकडी जाळ्या करणारा सुतार. एकतीस वर्षे मी त्याच्या हातात होतो. काम संपले की तो मला तेलाच्या फडक्याने पुसायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "बायको एखादे वेळी खोटं बोलेल, हा नाही बोलायचा." बायको आतून म्हणायची, "मग त्यालाच भात शिजवायला सांगा!"

पुढे सरकारने कायदा केला. खरेदीविक्रीत शाकू नको, मीटर हवा. सुतारांच्या संघाची माणसे घरोघर सांगत फिरली. यासोकिची मुळात भित्रा. त्याने मिलिमीटरच्या रेघांचा नवा कोरा गुण्या आणला आणि मला फडक्यात गुंडाळून तांदळाच्या पेटीमागे सरकवले. मित्रांनो, तिथून सगळे ऐकू येते आणि काहीच करता येत नाही. त्या दिवसांची आठवण झाली की अजून माझी चिडचिड होते.

त्याच वर्षी वादळात देवळासमोरचा जुना वृक्ष पडला. त्याचा गाभा किडलेला होता. चांगले लाकूड निघाले ते एका जाळीपुरतेच. देवळाच्या दारावर बसवायची ती जाळी शरदातल्या उत्सवाआधी करून देण्याचे यासोकिचीने कबूल केले. जुन्या कागदावर मापे होती: पट्टी तीन बूची, फट पाच बूची, अशा साठ पट्ट्या आणि साठ फटी.

त्याची मुलगी मित्सुए शहरात भिंगांच्या कारखान्यात कामाला होती. एका संध्याकाळी तिने विचारले, "बाबा, तीन बूचे किती मिलिमीटर धरलेत?"

"नऊ. बू म्हणजे तीन. सगळे सुतार तसंच धरतात."

"तीन आणि वर तीस मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले ना, त्यातले तीस."

"मायक्रॉन! ते तुझ्या भिंगांना लागत असतील. लाकूड सकाळी फुगतं, दुपारी सुकतं. त्याला कोण मायक्रॉन विचारतंय?"

मित्सुए वाद घालणारी नव्हती. रंध्यातून निघालेली एक साल तिने उचलली, वहीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात मोजून आणली.

"तीस मायक्रॉन, बाबा. बरोबर एक मो. प्रत्येक बूमागे तुमची अशी एक साल कमी पडतेय."

यासोकिचीने साल तळहातावर घेतली आणि फुंकून उडवली. "एवढीच ना? ही बघ, गेली!"

"पण अशा किती, ते—"

"जेवायला वाढ."

ती ताटे मांडायला उठली. मी पेटीमागे तडफडत होतो. साठ वेळा आठ बू, म्हणजे चारशे ऐंशी साली, अरे, चारशे ऐंशी! पण पोलादाला आवाज नसतो.

उत्सवाला दोन दिवस राहिले असताना जाळी देवळात नेली. तिथे आधी काय झाले ते मला मागाहून मित्सुएच्या बोलण्यातून कळले. उजवे टोक दाराच्या जुन्या, शाकूने मापलेल्या चौकटीत चपखल बसले. डाव्या बाजूला एवढी फट राहिली की देवळाचे कारभारी ओगुशी यांनी तिच्यात बोट घातले.

"यासोकिची, देवाला वारा यायला जागा ठेवलीस होय?"

जमलेले लोक हसले. यासोकिचीचे कान लाल झाले. त्यानेही त्या फटीत बोट घालून पाहिले. मग हळूच म्हणाला, "मित्सुए, घरी जा. तांदळाच्या पेटीमागचा घेऊन ये."

"अरे वेड्या," ओगुशी कुजबुजले, "संघाची माणसं बाहेरच उभी आहेत. भुसा आणि डिंक भर, वरून रंग दे. देव काय पट्टी घेऊन येणार आहे?"

"येऊ देत संघाची माणसं. मला खरं माप पाहिजे."

फडके सुटले आणि त्याने मला सर्वांदेखत त्या फटीला लावले. चार बू, आठ रिन. चारशे ऐंशी साली एकावर एक ठेवल्या तर होतील तेवढे. मी पुन्हा त्याच्या हातात होतो, पण आनंद कसला? त्या वृक्षाचे लाकूड संपले होते.

त्याने साध्या लाकडाची पट्टी कापून तिथे बसवली. तिचा रंग काळपट. दारात उभे राहिले की पहिली नजर तिच्यावरच जाते. बसवण्याआधी त्याने शाई मागवली. आमच्याकडे कारागीर लाकडाच्या झाकल्या जाणाऱ्या बाजूवर नाव आणि तारीख लिहितात, म्हणजे पुढे कधी दुरुस्ती निघाली तर त्या सुताराला कळावे. यासोकिचीने दोन्ही लिहिले. मग थोडे थांबून खाली लिहिले: "बू तीन मिलिमीटर धरला. मुलीने सांगितले होते. ऐकले नाही."

मित्सुए मागे उभी राहून वाचत होती. त्याने वळून पाहिले नाही. पट्टी ठोकून बसवली.

आता यासोकिची नाही. मी मित्सुएच्या कपाटात असतो. ती थकली आहे, कपाट क्वचितच उघडते आणि माझा आखूड हात गंजू लागला आहे.

मित्रांनो, मी उपदेश करणारा कोण? पण कुणी हळू आवाजात "थोडेसे कमी पडते आहे" असे म्हणाले, तर निदान असे किती वेळा कमी पडते ते विचारा. आणि तुमच्या घरात माझ्यासारखे जुने माप असेल, तर वर्षातून एकदा तरी त्यावर तेलाचा बोळा फिरवा. गंज आधी रेघा खातो. रेघा गेल्या की आम्हाला खरे सांगता येत नाही.