झाकणाच्या आतली चिठ्ठी

कासवाची पाठ बोटाला चिकटली. रबराची पाठ, कमलाक्षीनं स्वतः ब्लेडनं खवला-खवला करून कोरलेली... बोट उचललं तर पाठ गुळाच्या पाकासारखी थोडी वर आली, आणि मग ठशाच्या लाकडी ठोकळ्यावरून अख्खं कासवच सरकलं. तिनं बोट नाकाशी नेलं. खोबरेल.

— ठसे एकावर एक रचू नयेत. मध्ये कागद घालावा.

तिनंच सूचनेत लिहिल्याप्रमाणे कागद होते. प्रत्येक कागद तेलानं पारदर्शक झालेला. खेकडा फुगला होता, बगळ्याची मान जाड झाली होती, काजूचं बोंड कागदालाच लागून आलं. पेटीत एक्केचाळीस ठसे. चांभाराकडून तळव्याचं रबर आणून चौदा वर्षं कोरलेले. डिचोलीच्या बालवर्गातली मुलं अक्षरांआधी ह्यांच्यावरून वाचायला शिकली. उद्या मांद्र्याच्या बालवाडीत हेच घेऊन जायचं होतं. 'ठसे घेऊन या, बाई' असं पत्र होतं, आणि नोकरीसोबत एक खोली होती, आतून कडी लावता येणारी खोली... आता काय नेणार? हा चिखल?

— उन्हात, चुलीजवळ ठेवू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये.

स्वयंपाकघरात आदोळीवर नारळ खवल्याचा आवाज चालू होता. खर्र, खर्र, घाई नाही, काळजी नाही, आणि त्या आवाजासरशी तिला सगळं लख्ख दिसलं — ती इब्रामपूरला अंथरुणाला खिळलेल्या मावशीचं करायला गेली ते सोळा महिने ही बाई पेटी उघडून बसली असणार, एकेक ठसा मांडीवर घेऊन, बोटानं तेल चोळत, ही गेली तर माझ्या चुलीशी कोण राबणार, म्हणत... गोड बोलणारी, कधी आवाज न चढवणारी वत्सला वहिनी. ठरवून. ठरवूनच!

ती पेटी उचलून आत गेली.

"हे कोणी केलं?"

वहिनीनं वर पाहिलं. कपाळावर खोबऱ्याचा कीस. "मियां त्याल लावन ठेयलंय गे बाय. एकेकाक. पावसात बुरशी येता मगे."

ह्या घरात पावसाआधी सगळ्यालाच तेल लागतं. कोयत्याला, आदोळीच्या पात्याला, रवीला, दादाच्या सायकलच्या साखळीला. ज्याला जपायचं त्याला तेल. हे कमलाक्षीला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी तिच्या तोंडून शब्द निघाले ते वेगळे. "मुद्दाम केलंस तू!"

ओसरीवरून दादा हसला. भिकाजी. खाणीच्या ट्रकांनी उडवलेली लाल धूळ अंगावर घेत तिथंच बसलेला असायचा. "मराठी गेली, आता ठशेय गेले गे!" मराठीला राजभाषा न करता राज्य झाल्यापासून त्याला दर गोष्टीत हा विनोद सुचायचा.

तिनं तिकडे पाहिलंही नाही. "झाकणाच्या आत सगळं लिहून चिकटवलं होतं मी. नऊ सूचना. मोठ्या अक्षरांत. तेल लावू नये — चौथी!"

वहिनी उठली. हात पदराला पुसून देव्हाऱ्याकडे गेली आणि तिथून एक घडी घेऊन आली. मऊ जुनेराचा तुकडा, त्यात कापराची वडी, त्यात ती चिठ्ठी. कोरडी, डाग नसलेली.

"निसाटली ती. तुजा कायतरी म्हत्त्वाचा आसात म्हणान येगळी ठेयलंय." आणि मग, जरा थांबून, "तेच्यात काय लिवलेला आसा?"

...राजभाषेच्या मोर्चाच्या आदल्या दिवशी ह्याच खोलीत फलक रंगवताना रंगाचा डबा धरून कोण बसलं होतं? मराठीसाठी चार तास कमलाक्षीचा हात थांबला नव्हता. तेव्हा डबा धरणारीनं एका अक्षरावर बोट ठेवून विचारलं होतं, ह्या खयचा गे बाय, माका माजा नाव तरी दाखय. आणि कमलाक्षी म्हणाली होती, रंग सांडू नकोस.

बारा वर्षं एका घरात. शाळेत बाई. आणि जिला वाचता येत नाही तिच्या स्वाधीन पेटी करताना झाकणाच्या आत नऊ ओळी...

तिला वाटलं, आता राग उतरेल. उतरला नाही. वाढला. मघाशी त्याला एक तोंड होतं, आता तो ठेवायचा कुठे? हिनं ओरडायला हवं होतं, रडायला हवं होतं, निदान खोटं तरी बोलायला हवं होतं — कापूर का घातला हिनं?

"वाच मगे," वहिनी म्हणाली. समोर पाट घेऊन बसलीही. ओसरीवरून दादाही ऐकत असणार.

चौथी ओळ मोठ्यानं वाचली की झालं. ह्या शांत चेहऱ्याचं काय होईल ते कमलाक्षीला दिसत होतं, आणि ते बघावंसं वाटत होतं, अगदी मनापासून... आणि ती ओळ वाचणारा आवाज आपला असेल, हेही दिसत होतं.

तिच्या तेलकट बोटांचा डाग चिठ्ठीच्या कडेवर उमटला आणि हळूहळू अक्षरांकडे सरकू लागला. ती पहिल्या ओळीवर नजर रोवून उभी राहिली, वाचता येत नसल्यासारखी.