गल्ली समाधानी आहे

बसथांब्यावर नवं पोस्टर: एक हसरा कान आणि खाली ‘ऐकणारं शहर’.

खंदकाच्या तळाशी चिखलात रुतलेली एक चप्पल. डाव्या पायाची.

हेडफोनच्या स्पंजला आधीच्या पाळीतल्या बाईच्या पावडरीचा वास.

खिडकीशी एक म्हातारी. वेणीफणी झालेली, चष्मा पुसलेला, काठी हातात. निघायची तयारी पूर्ण, वाट तेवढी नाही.

“हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मधलं काही आमच्याकडे नसतं.”

हे शेवटचं वाक्य सूनबाई दिवसभर म्हणत असे. महापालिकेच्या तक्रार कक्षात तिचं काम एवढंच: तक्रार केलेल्या माणसाला फोन लावायचा आणि काम झालं का ते विचारायचं. ‘हो’ आलं की तक्रार सुटली. ‘नाही’ आलं तर ते काम न करणाऱ्याच्या नावावर चढत नसे, फोन करणाऱ्याच्या नावावर चढे. ही पद्धत आल्यापासून शहर झपाट्यानं सुधारत होतं. सुपरवायझरला सगळे शंभरटक्के म्हणत, कारण त्याखालचा आकडा ऐकला की त्याचा चेहरा उतरायचा.

एका सकाळी सूनबाईच्या पडद्यावर तिच्याच घरचा नंबर आला. तक्रारदार: सासूबाई. तक्रार: गल्ली खणून ठेवली आहे, बहिणीकडे जाता येत नाही.

बहीण म्हणजे मावशी. गल्लीच्या बंद टोकाला राहायच्या. त्यांनी अंथरूण धरलं होतं, आणि मधोमध खंदक. तरणीताठी माणसं उडी मारत. सासूबाईंना मुलानं उचलून न्यायची तयारी दाखवली, तर म्हणाल्या, “मी काय पोतं आहे?” फोन कर म्हटलं, तर म्हणाल्या, “ती फोनवर सगळ्यांना बरंय म्हणते. मला तिचं तोंड बघायचंय.”

फोन रेकॉर्ड होत. सूनबाईनं घसा साफ केला.

“नमस्कार, तक्रार कक्षातून बोलतेय. आपल्या गल्लीचं काम झालं का?”

“अगं, तूच सकाळी उडी मारून मावशीला डबा देऊन आलीस ना? झालंय का?”

“आपण हो किंवा नाही सांगावं.”

“हे आपण-बिपण काय लावलंयस? घरात तर आई, आई करतेस.”

शंभरटक्के मागे येऊन उभा राहिला. सूनबाईचा आवाज आपोआप बारीक झाला. पलीकडे सासूबाईंनी ओळखलं, तिच्या मागे कोणीतरी उभं आहे. घरात वीस भांडणं होवोत, बाहेरच्या माणसासमोर सुनेची मान खाली जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा बाणा.

“हो,” त्या म्हणाल्या. “झालं म्हणून लिही बाई. फार सुंदर झालंय.”

संध्याकाळी मात्र त्यांनी भांडी अशी आपटली की नळही दचकला.

“आई, दुसरी तक्रार टाकते,” सूनबाई म्हणाली. “तुमच्या नंबरावरून आता घेत नाहीत. मावशींच्या नंबरावरून टाकते. त्या नाही म्हणाल्या की खात्याला यावंच लागेल. माझ्या नावावर एक नाही चढलं तर चढू दे.”

“ती नाही म्हणेल?”

“का नाही म्हणणार? खंदक त्यांच्या दारात आहे.”

इथेच सूनबाई चुकली. मावशींचा हिशेब वेगळा होता. परक्या माणसापुढे घरचं रडगाणं गायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं.

“आपल्याला काही त्रास?” सूनबाईनं कक्षातून फोन लावून विचारलं. आवाजात जेवढी विनवणी घालता येईल तेवढी घातली.

“छे हो! त्रास कसला? सगळं छान आहे. तुम्ही चौकशी केलीत हेच खूप. आवाज किती गोड तुमचा, अगदी आमच्या सूनबाईसारखा.”

एकाच गल्लीतून दोन समाधानी नागरिक, त्यातली एक अंथरुणावरून समाधानी. शंभरटक्केच्या डोळ्यांत पाणी आलं. वर कळवलं गेलं. शहरातली सर्वांत समाधानी गल्ली म्हणून सत्कार ठरला; आयुक्त स्वतः येणार, आधी सासूबाईंच्या घरी, मग मावशींच्या.

आयुक्तांनी उडी मारणं बरं दिसलं नसतं. खंदकावर जाड फळ्या पडल्या, फळ्यांवर गालिचा, दोन्ही बाजूंना कठडा. इतके दिवस जे जमत नव्हतं ते सुताराच्या एका फेरीत उरकलं.

सत्काराच्या दिवशी सासूबाईंच्या हातात फुलं आणि माइक दिला.

“दोन शब्द बोला आजी,” शंभरटक्के म्हणाला.

“जरा सरका,” सासूबाई म्हणाल्या. ते दोन शब्दच भरले. फुलं त्यांनी सुनेच्या हातात कोंबली, माइक आयुक्तांच्या हातात दिला आणि काठी टेकत गालिच्यावरून चालू लागल्या. लोकांना वाटलं, आजी पाहुण्यांना वाट दाखवतायत. टाळ्या झाल्या. आयुक्तही मागून निघाले, फोटोवाले त्यांच्या मागून.

मावशींच्या खोलीत फोटो निघाले. “समाधान आहे ना?” आयुक्तांनी विचारलं. मावशी बहिणीकडे बघत होत्या. पहिल्यांदाच त्यांनी परक्याला उत्तर दिलं नाही.

गाड्या गेल्या. कामगारांनी गालिचा गुंडाळला, फळ्या दुसऱ्या समाधानी गल्लीकडे न्यायला उचलल्या. सूनबाई खंदकाच्या कडेला धावली.

“आई, फळ्या चालल्या! चला लवकर!”

पलीकडच्या खिडकीतून सासूबाई डोकावल्या.

“जाऊ देत. माझ्या गोळ्या नि दोन पातळं फेक इकडे. आणि उद्या फोन आलाच, तर सांग, बाई घरी नाही.”

गल्ली खणली त्याच्या आदल्या दिवशी सासूबाई मावशींशी कडाकडा भांडून आल्या होत्या आणि निघता निघता म्हणाल्या होत्या की पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.