नख वाढेपर्यंत

हफसाचा फोन आला तेव्हा रुचिका गोडाऊनच्या ऑफिसात बसून कीबोर्डवर नखं चालवत होती. हो, नखंच. बोटं नव्हेत. लांब नखांच्या पोरी टाइप कशा करतात ते ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. बोटं आडवी पडलेली, मनगट वर, आणि टकटक तर अशी की शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं डोकं उठावं. वाइन रंगाची, बदामाच्या आकाराची दहा नखं होती ती. काल्हेरच्या त्या अख्ख्या गोडाऊनमध्ये तशी दुसऱ्या कुणाची नव्हती.

"ऐक," हफसा म्हणाली, "माझा निकाह ठरला. डिसेंबरमध्ये. लडका कुवेतला असतो, मीपण जाणार त्याच्याबरोबर."

रुचिकाने मुबारकबाद दिली, मुलगा दिसतो कसा ते विचारलं, फोटो पाठव म्हणाली. मग हफसा म्हणाली, "जायच्या आधी एकदा खेळू या ना. नोव्हेंबरमध्ये तुमच्या गावच्या मंडळाची कॅरम स्पर्धा आहे, लेडीज डबल्स. खेळशील?"

"हो," रुचिका म्हणाली. विचार न करताच म्हणाली. फोन ठेवला आणि मग तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं.

कॅरम खेळणाऱ्याला वेगळं सांगायला नको, पण न खेळणाऱ्यासाठी सांगते. स्ट्रायकर ढकलायचा नसतो, टिचकीने मारायचा असतो, आणि टिचकी बसते ती नखाची. त्या नखावर दीड इंचाचं अ‍ॅक्रिलिकचं पातं चढवलेलं असलं तर त्याने फक्त फोनचा स्क्रीन पुसता येतो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत या दोघींची जोडी भिवंडीभर माहीत होती. कॉलेजात एका बाकावर बसत आणि शुक्रवारी निजामपुऱ्यात हफसाच्या घरी खेळत. शुक्रवारीच, कारण हफसाच्या अब्बांचे यंत्रमाग, म्हणजे लूम, खालच्या मजल्यावर. लूम चालू असले की वर बोर्डवरच्या सोंगट्या आपोआप सरकायच्या, राणी तर नाचायचीच. शुक्रवारी लूम बंद, घर शांत, मग यांचा बोर्ड लागायचा. रुचिका मारणारी. तिच्या ब्रेकने सोंगट्या अशा फुटायच्या की समोरच्यांची पाचावर धारण बसायची. हफसा हळुवार खेळणारी, नुसता धक्का देऊन सोंगटी भोकात सोडणारी.

मग रुचिकाला बघायला पहिले पाहुणे आले. चहाचा ट्रे पुढे करताना मुलाच्या मावशीने तिचं मनगट धरलं, अंगठ्याशेजारचं बोट उलटसुलट करून पाहिलं. त्या बोटाचं नख वर्षानुवर्षं स्ट्रायकर मारून जाड झालेलं, कडेला पिवळट, मधे एक चीर. "पोरीचा हात हमालासारखा वाटतोय," मावशी हसत हसत म्हणाली. सगळे हसले. रुचिकाही हसली, पण त्या दिवसापासून तिला स्वतःच्या हाताची लाज वाटू लागली. महिन्याभरात भावाची, मितेशची हळद होती. त्यासाठी तिने अंजूरफाट्याच्या मृणालीकडे नखं लावून घेतली आणि मग ती उतरवलीच नाहीत. रिफिल, पुन्हा रिफिल, नवा रंग. हफसाला तिने सांगितलं, ऑफिसचं काम वाढलंय गं, वेळ नाही मिळत.

तर आता हो म्हणून बसली होती. मृणालीला फोन केला, तर ती म्हणाली, "घाई करू नकोस हं. रविवारी ये. वरचा थर घासायचा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवायचं, मग हळूहळू निघतं. ओढून काढलंस तर तुझं नख सोबत जाईल."

पण आमची रुचिका रविवारपर्यंत थांबेल तर ती रुचिका कसली. त्याच संध्याकाळी आईच्या पाटावर बसून तिने एकेका नखाच्या कडेखाली मितेशच्या पाकिटातलं एक जुनं कार्ड सरकवलं आणि उचकटलं. निघाली. सगळी निघाली, आणि प्रत्येकाबरोबर तिच्या स्वतःच्या नखाचा पापुद्राही निघाला. खाली जे उरलं ते बघून तिला रडू आलं. कांद्याच्या आतल्या सालीइतकी पातळ, लालसर, कुठे पांढरे डाग, दाबलं तर वाकणारी. चहाचा कप धरला तरी चटका बसत होता. लिंबू पिळायला गेली आणि बेसिनपाशी तशीच हात झटकत उभी राहिली.

"आता कशाला रडतं?" आई म्हणाली. "लावलीस तवा मना विचारलंस?" पण बोलता बोलता तिने खोबरेल तेलाची वाटी पुढे केली आणि स्वतःच एकेका बोटाला तेल चोळून दिलं.

पुढच्या शुक्रवारी रुचिका हाफ डे टाकून निजामपुऱ्यात गेली. जिना तोच, खाली लूम गप्प, वर बोर्ड पावडर टाकून तयार. हफसा तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "मार ब्रेक. कितीतरी दिवसांनी बघते."

रुचिकाने बोट अंगठ्याला अडकवलं आणि मारलं. नख मागे वाकलं, कळ थेट कोपरापर्यंत गेली, आणि स्ट्रायकर गेला जेमतेम सोंगट्यांच्या ढिगापर्यंत. एक सोंगटी हलली. रुचिका हात मांडीखाली दाबून खाली मान घालून बसली.

हफसाने बोर्डावरून हात पुढे केला. "दाखव." एकेक नख पाहिलं. "म्हणजे नखं होती? ऑफिस नव्हतं?"

खोटं बोलण्यात आता काही राम नव्हता. रुचिकाने सगळं सांगितलं. मावशी, हमाल, हळद, सगळं. हफसाने ऐकून घेतलं आणि तिचा हात सोडला.

"दुसऱ्या पार्टनर मला मिळत नव्हत्या असं नाही," ती म्हणाली. "विचारायला आल्या होत्या. मी नाही खेळले. म्हटलं, रुचिकाचं काम संपलं की येईल. आणि तू एका बाईच्या बोलण्यावरून मला सोडून बसलीस. मला सांगायचं तरी होतंस. मी तिला माझा हात दाखवला असता."

"चुकलं माझं," रुचिका एवढंच म्हणाली, आणि ते मनापासून होतं. तेवढ्यात हफसाची अम्मी, कुबराचाची, सरबत घेऊन आली. दोघींचे चेहरे बघितले, रुचिकाची बोटं बघितली, आणि काही न विचारता आत जाऊन भिजवलेल्या मेंदीची वाटी घेऊन आली. "नखाला मेंदी लाव बेटा. आमच्याकडे सगळ्या लावतात. नख पक्कं होतं त्याने. बाकी सब्र कर."

सब्र हीच गोष्ट रुचिकाजवळ नव्हती, पण आता करते काय. नख मुळाकडून येतं, टोकाकडून नाही, आणि मुंगीच्या पावलाने येतं. ती रोज तेल लावायची, भांड्यांना हातमोजे घालायची, कानस फक्त एकाच दिशेने फिरवायची. वीकएंडला पुन्हा मेंदी. आई म्हणायची, "घरात भाताची शेती ऱ्हायली न्हाय, सगली गोडाऊनला गेली. ही नखांची शेती करतंय." पण हातमोजे फाटले तर नवे तीच आणायची.

हळूहळू नखाच्या मुळाशी नवा भाग दिसायला लागला. गुळगुळीत, गुलाबी, घट्ट. त्याच्या आणि जुन्या पापुद्र्याच्या मधे एक आडवी रेघ होती. ही रेघ वर सरकतेय का, हे रुचिका ऑफिसात दर तासाला बघायची. सरकत होती, पण स्पर्धेपर्यंत टोकाला पोचणार नव्हती, हे कुणालाही कळलं असतं.

म्हणून मग दर शुक्रवारी हफसा मारायला शिकली आणि रुचिका हळू खेळायला. दोघींचे हाल झाले. पहिल्याच ब्रेकला हफसाचा स्ट्रायकर बोर्डाबाहेर पलंगाखाली गेला. रुचिकाला धक्का कमी देणं जमेना. जिचा हात जन्मभर बंदुकीसारखा चालला तिला फुंकर घालायला सांगितल्यासारखं ते होतं. "घाबरतेस कशाला," हफसा म्हणायची, "सोंगटी पळून नाही जात. तिला फक्त सांग, जा म्हणून." शिकता शिकता दोघी पुन्हा पूर्वीसारख्या भांडायला आणि हसायला लागल्या. एक दिवस मधेच हफसाने विचारलं, कुवेतला शुक्रवारी काय करायचं गं मी? रुचिकाने बोर्ड पुसायला घेतला.

आणि ऐन स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पाहुणे यायचं ठरलं. खारबावची माणसं, मुलाचं नाव प्रितम, घर चांगलं. आईच्या तोंडचं पाणी पळालं ते रुचिकाची मेंदीने नारिंगी झालेली नखं बघून.

"एक दिवसापुरती लाव ती नखं," आई म्हणाली. "उद्या काढून टाक. कोनाला काय फरक परतंय?"

फरक पडत होता. लावायची तर मृणाली आधी मशीनने घासणार, म्हणजे जे आलंय तेही पातळ होणार. मग रविवारी स्ट्रायकर कशाने मारायचा? रुचिकाने हे आईला सांगितलं. आईने तिच्या बोटांकडे पाहिलं. तिला ती मावशी आठवत होती, हे रुचिकाला ठाऊक होतं, कारण रुचिकालाही तीच आठवत होती. रुचिकाने फोन हातात घेतला, मृणालीचं नाव काढलं आणि स्क्रीनकडे बघत बसली. मग फोन उशीखाली टाकला आणि अंघोळीला गेली.

ट्रे पुढे केला तेव्हा प्रितमच्या आईने विचारलंच, "नखांना मेंदी कसली गो?"

"कॅरम खेळते," रुचिका म्हणाली. "नखं खराब केली होती मी, आता वाढवतेय. उद्या स्पर्धा आहे." हात तिने मागे घेतला नाही. बाई "अस्सं" म्हणाल्या, चहा प्यायल्या, पोहे छान झालेत म्हणाल्या आणि कळवतो सांगून गेले सगळे. आईने कप उचलताना लेकीकडे पाहिलं. "जा, तेल लाव," एवढंच म्हणाली.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये ही गर्दी. चिंधूकाका पंच. डबल्समध्ये पार्टनरशी बोलायचं नसतं आणि चिंधूकाका त्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. हफसा मारत गेली, रुचिका हळू सोडत गेली. लोकांना कळेना या दोघींनी हातांची अदलाबदल कधी केली. असं करत करत दोघी फायनलला पोचल्या, आणि फायनल शेवटच्या बोर्डावर आली. राणी उरलेली आणि त्यांची एकच सोंगटी. समोरच्या जोडीचीही एकच. पाळी रुचिकाची. हुकली तर संपलं.

राणी पलीकडच्या पट्टीला चिकटून बसली होती, पुढे दुसऱ्यांची सोंगटी आडवी. हळू मारून तिला हात लागणार नव्हता. पट्टीवर जोरात आपटून परत आणायची, एवढाच रस्ता. जुना रुचिकाचा फटका.

तिने बोट अंगठ्याला लावलं आणि समोर पाहिलं. हफसाची नजर राणीवर नव्हती. तिची नजर रुचिकाच्या बोटावर होती, त्या रेघेच्या वरच्या पातळ भागावर. हफसाने मान हलवली. नको. मग अजून एकदा, स्पष्ट. नको मारूस, नख जाईल, हरलो तरी चालेल.

"मान हलवायची न्हाय," चिंधूकाका म्हणाले.

रुचिकाला भरून आलं. नखांपायी जिला तिने सोडलं होतं, तीच पोरगी आता त्याच नखासाठी आपला शेवटचा डाव सोडायला तयार होती. तिने हफसाकडे पाहून नकारार्थी मान हलवली, चिंधूकाकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, आणि मारलं.

फटका पूर्वीसारखा बसला. राणी पट्टीवरून परत आली आणि कोपऱ्यात पडली. नख तडकलं, थेट रेघेपर्यंत, आणि चीर रेघेवर थांबली. खालचं नवं नख जागचं हललं नाही. वरच्या कडेतून रक्ताचा एक थेंब आला. तिने तो कुर्त्याला पुसला, कारण राणीमागे स्वतःची सोंगटी घालून तिला अजून कव्हर द्यायचं होतं आणि पाळी तिचीच होती. शेवटची सोंगटी भोकाच्या तोंडाशी होती. इथे जोर लावला असता तर स्ट्रायकरही आत गेला असता. दुसऱ्या बोटाने तिने तिला नुसतं सांगितलं, जा. ती गेली.

बक्षीस दोन प्रेशर कुकर. हफसा म्हणाली, मी हा कुवेतला नेणार, बॅगेत बाकी काही नाही मावलं तरी चालेल. खारबावहून फोन अजून आलेला नाही. आई रोज मोबाईल बघते, रुचिका बघत नाही.

डिसेंबरमध्ये हफसाच्या मेंदीला फोटोवाल्याने सगळ्या मुलींना हात एकत्र ठेवायला सांगितले. बहिणींची लांब चमकती नखं, आणि मधे रुचिकाचा हात, एका बोटाला पट्टी, बाकीची आखूड आणि नारिंगी.

"दीदी, वो पट्टीवाला हाथ थोडा पीछे कर लो," फोटोवाला म्हणाला.

हफसाच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी होती, कशाला हात लावायची सोय नव्हती. तिने कोपराने रुचिकाचा हात पुढे ढकलला.

"वही हाथ बीच में आएगा," ती म्हणाली. "बाकी सब पीछे करो."