सावली खाणारं टोपरं

परशराम फोटोवाला बेळगावहून जगलबेटला उतरला तेव्हा त्याच्या पिशवीत हंडा नव्हता. हंडा आणतो म्हणून तर तो पहाटेच्या मोटारीनं गेला होता. घरातला तांब्याचा हंडा बुडाशी गळत होता आणि फोटो धुवायचं पाणी विहिरीवरून रोज अनुसयाच आणायची. तिनं दारातच पिशवी चाचपली. आत एक खोकं निघालं आणि खोक्यात वाटीएवढं, दुधी रंगाचं एक झाकण.

"ह्ये काय आणलंसा?"

"डिफ्युजर म्हणत्यात त्याला. फ्लॅशच्या तोंडावर बसवायचं. उजीड मऊ पडतो."

"उजीड मऊ? भाकरी हाय व्हय ती?" अनुसयेनं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. "ह्ये तर तान्ह्या पोराचं टोपरं दिसतंय. आन हंडा?"

"फुडच्या खेपंला."

टोपरं हे नाव त्या क्षणी पडलं ते पडलंच. बेळगावच्या दुकानदारानं सांगितलेलं इंग्रजी नाव पुढं परशरामाच्या तोंडीसुद्धा राहिलं नाही.

गिऱ्हाइकांसाठी आणलं, असं त्यानं बायकोला सांगितलं. ती साफ थाप होती. नंदिगड्ड्यापासून उळवीपर्यंत सगळ्या मुलखाचे चेहरे त्याच्या दुकानात टांगलेले होते, पण त्यात अनुसया नव्हती. बारा वर्षं संसार झाला आणि फोटोवाल्याच्या घरात फोटोवाल्याच्या बायकोचा एक फोटो नाही. येणारा जाणारा म्हणायचा, दिव्याखाली अंधार. परशराम हसायचा आणि आतल्या आत जळायचा. त्याला तिचा एक फोटो हवा होता, भिंतीवर लावायला, बस्स. ते टोपरं त्यासाठी होतं.

अनुसयेला लहानपणी देवी आल्या होत्या. चेहऱ्यावर वण राहिले होते, अगदी कपाळापासून हनुवटीपर्यंत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी उळवीच्या जत्रेत परशरामानं तिला हौसेनं बसवलं होतं. फ्लॅशचा उजेड म्हणजे दांडगा, सरळ तोंडावर आपटणारा. त्यानं एकूण एक वण शोधून काढला. मग या शहाण्यानं दोन दिवस खपून, बारीक टोकाच्या पेन्सिलीनं निगेटिव्हवरचा प्रत्येक खड्डा भरला आणि गुळगुळीत फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो पाहिला, आत गेली आणि चुलीत घातला.  त्यानंतर कॅमेऱ्यापुढं म्हणून बसली नाही.

परशरामानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला: पेन्सिल दिसली, म्हणून तिला लागलं. तिला पुन्हा लागू नये म्हणून तेव्हापासून तो तिच्या चेहऱ्याकडे रोखून बघेनासा झाला. बोलायचा ते ताटाकडे बघत नाहीतर दाराकडे बघत. हा आपला मोठा समजूतदारपणा आहे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

आता पेन्सिल नको, उजेडच असा पाडायचा की वण उमटूच नयेत. पण बायकोवर प्रयोग करण्याआधी हात बसायला हवा होता. म्हणून त्यानं नंदिगड्ड्याचं काम धरलं. वासू नावाच्या शेतकऱ्याकडे नवी सून आली होती, तुळजा. तिचा आणि वासूच्या मुलाचा जोडीचा फोटो काढायचा होता. मोटारीनं फाट्यापर्यंत आणि पुढं दोन तास जंगलातून पायी, खांद्यावर कॅमेरा आणि खिशात मोजके बल्ब. बल्ब एकदा भक्कन पेटला की मेला, दुसरा लावायचा.

पहिल्या खेपेला टोपरं घालून काढलेला फोटो घरी येऊन धुतला तर नुसता काळोख. टोपऱ्यानं अर्धा उजेड गिळला होता आणि उरलेला वासूच्या घरातल्या धुरकटलेल्या भिंतींनी. परशरामानं दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग त्याला सुचलं, की मऊ उजेडाला उजळ भिंती लागतात. दुसऱ्या खेपेला त्यानं घरातली दोन धुतलेली धोतरं नेली, जोडप्याच्या दोन्ही अंगांना दोरीवर टांगली, तिसरं मागं भिंतीवर लावायला वासूचंच घेतलं, कॅमेरा पुढं सरकवला आणि बल्ब पेटवला. हा फोटो असा उतरला की परशराम स्वतःच्याच कामावर खूष झाला. कातडी चमकत नव्हती, डोळ्यांखाली काळं नव्हतं, मागं भिंतीवर सावलीचा डाग नव्हता.

"मग धोतरानंच काम झालं की," पाण्याची घागर ठेवत अनुसया म्हणाली. "धोतर तर घरात हुतंच."

परशराम चिडला.

फोटो घेऊन तिसऱ्यांदा नंदिगड्ड्याला गेला. वासूची आई फुला, घरात शब्द तिचाच. म्हातारीनं फोटो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला.

"पोरीची सावली खंय गेली?"

"कसली सावली?"

"मागं भिंतीवर पडती ती. सगळ्यांच्या फोटूत आसता. माझ्या धाकलूच्या फोटूत हाय, बघ."

भिंतीवरच्या धाकलूच्या, म्हातारीच्या धाकट्या मुलाच्या, फोटोत खरंच त्याच्या खांद्याला चिकटून ढब्बू काळी सावली उभी होती. परशरामाला आजवर ज्या सावलीची लाज वाटत आली होती, तीच.

"आजी, उजीड मऊ केलाय म्हणून सावली न्हाई. ही सुधारणा हाय."

"सावली कुणाला नसती, ठावं न्हाई तुला?" म्हातारीचा आवाज चढला. "नवी सून घरात आली, आन असलं चित्र लावू? पावणं इचारतील, वासूनं पोरगी आणली का भूत आणलं?"

तिकडं तुळजा डोळ्यांत पाणी आणून उभी. परशरामानं म्हातारीला अंगणात नेलं. आभाळ आलं होतं. "बघा, आता तुमची तरी सावली हाय का?"

"आभाळात कुणाचीच नसती," म्हातारी म्हणाली. "म्हणून तर आमी शुभकार्याला ऊन बघतो."

पुढं वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं. त्यानं टोपरं काढलं, धोतरं टांगलीच नाहीत, पूर्वीसारखा उघडा बल्ब भक्कन पेटवला. नाकं चमकली, डोळे मिटायचे वाचले आणि भिंतीवर दोन दणकट सावल्या पडल्या. चौथ्या खेपेला तो फोटो पाहून सगळं घर खूष झालं.

गोष्ट जंगलातून मोटारीच्या आधी पोचली. परशरामचं टोपरं सावली खातं म्हणे! कुळगीचा झिलू बायकापोरांना घेऊन दुकानात आला आणि बसायच्या आधी म्हणाला, "अण्णा, ते टोपरं काढून ठेवा, मगच बसतो." उळवीकडचं कानडी गिऱ्हाईक आलं, त्यानंही हातानं खूण करून तेच सांगितलं. कुणी तर बल्बकडे न बघता आधी टोपरं कुठं आहे ते बघायचं. पंधरा वर्षं फोटो काढून जे नाव कमावलं होतं, ते एका दुधी झाकणानं पार धुऊन नेलं.

त्या दिवशी दुपारी परशराम तणतणत घरात आला आणि टोपरं कोपऱ्यात भिरकावलं.

"अवो, फुटंल," तांदूळ निवडता निवडता अनुसया म्हणाली.

"फुटू दे! गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा हुता म्हणं! चांगली वस्तू आणली तर सावली पायजे ह्यांना! काळी, ढोबळी, दगडासारखी सावली पायजे!"

"हंडा आणला असता तर येवढी आदळआपट झाली नसती."

"हंडा, हंडा!" परशराम ओरडला. "तुझ्यासाठीच आणलंय ते!"

अनुसयेचा हात सुपात थांबला. "माझ्यासाठी? कशापायी?"

तोंडून निघून गेलं होतं, आता मागं घेणं शक्य नव्हतं. तो दाराकडे बघत म्हणाला, "तुझा फोटो काढायचा हाय. एकच. ह्या उजेडात ते... ते काय दिसत न्हाई."

 ती सूप बाजूला ठेवून उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "बसते. बघू तरी काय दिसतंय."

परशरामाला खरं वाटेना. त्यानं धावपळ करून माजघरातल्या चुन्यानं रंगवलेल्या भिंतीपाशी पाट मांडला, दोन बाजूंना धोतरं टांगली, टोपरं पुसून बसवलं.  बल्ब पेटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कोठीचं दार लावून, कंदिलाला लाल कागद गुंडाळून फोटो उतरवला. पाणी घेऊन अनुसया बाजूला उभी होतीच; गेली बारा वर्षं गावोगावचे चेहरे असेच तिच्यासमोर तबकात वर येत होते. आज तिचा आला. आधी केस, मग डोळे, मग गाल. गाल लोण्यासारखे. एक वण नव्हता.

"बघ!" परशरामानं कंदील जवळ धरला. "बघ, कुठं काय हाय का?"

तिनं फोटो पाण्यात बुचकळला, दार उघडून उजेडात नेला आणि पाहिला.

"कोण ही?"

"कोण म्हंजे? तू."

"मी न्हाई," अनुसया म्हणाली. "उळवीतली बी मी नव्हते. म्हणून जाळली."

"ती पेन्सिल दिसत हुती म्हणून..."

"पेन्सिल कोण बघतंय!" तिचा आवाज फुटला. परशरामानं तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आमच्या घरात दोघींना देवी आल्या. धाकली सुंदरी गेली, मी राह्यले. आई म्हणायची, देवीनं जीव ठेवला आन ही खूण दिली. पहिल्याच वर्षी तुमी ती खूण पुसून माझ्या हातात दिली. आन आता ती पुसायला बेळगावास्नं टोपरं आणलंसा."

"तुला लागू नये म्हणून गं. म्हणून तर मी तुझ्याकडं बघत बी..."

"तेच म्हणते मी. बारा वर्सं तुमी माझ्याकडं बघितलंच न्हाई. मला वाटायचं, किळस येती." ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. "सांगा बरं, माझ्या कुठल्या गालावर जास्त हायत?"

 कुणाचं नाक कुठं वाकडं आहे, कुणाचा डोळा बारीक आहे, हे सगळ्या मुलखाचं परशरामाला तोंडपाठ होतं. हे मात्र येत नव्हतं. 

अनुसया माजघरात गेली. फ्लॅशवरचं टोपरं तिनंच उपसून काढलं, धोतरं ओढून घेतली आणि पाटावर जाऊन बसली. "काढा आता."

"उघड्या बल्बात समदं दिसंल, अनुसया."

"दिसू दे."

खिशात शेवटचा बल्ब होता, तो त्यानं लावला. कॅमेऱ्याशी वाकला, कळीवर बोट ठेवलं आणि तिथंच थांबला. मग मान वर केली आणि तसाच, मध्ये काच न धरता, तिच्याकडे बघत राहिला. कपाळ, भुवई, नाकाची कड, हनुवटी. ती हलली नाही, तिनं नजरही वळवली नाही.

"अवो, किती येळ?"

"डाव्या," परशराम म्हणाला. "डाव्या गालावर जास्त हायत."

"व्हय," अनुसया म्हणाली. "आता दाबा."