लाल कोपरा

जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर औषधं कमी आणि सल्ले जास्त द्यायचे. सल्ला फुकट असायचा, पण तो पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय कुणाची सुटका नसे. त्यातला त्यांचा आवडता विषय म्हणजे घरात आधीच कुत्री असताना नवं कुत्रं कसं आणायचं. पहिली भेट घरात नाही, बाहेर, मोकळ्या जागेत. दोघांना तीस पावलांचं अंतर ठेवून बाजूबाजूने चालवायचं आणि ते अंतर रोज थोडं कमी करायचं. आधी अंथरुणांची अदलाबदल करून वासाची ओळख करून द्यायची. आणि खाण्याची भांडी पहिले काही दिवस एका खोलीत म्हणून ठेवायची नाहीत. हे सगळं बोटांवर मोजून झालं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "काय सांगितलं मी?" आणि भलीभली माणसं शाळेतल्यासारखी धडा म्हणून दाखवायची.

त्यांच्या स्वतःच्या घरी दोन कुत्री होती. एक जमादारीण, बारा वर्षांची, बायकोची लाडकी. घरात कोण कुठे बसणार हे तीच ठरवायची. दुसरा ढब्बू, ज्याला खाणं आणि झोपणं सोडून तिसरं काम माहीत नव्हतं.

कंपाउंडरांची थोरली बहीण, ताई, लेकीकडे कायमची राहायला जाणार होती. लेकीच्या इमारतीत कुत्री चालत नव्हती आणि ताईचा भुऱ्या आठ वर्षांचा. भावजी गेल्यापासून ताईला सोबत म्हणून होता तो एवढाच. ताईने भीत भीत विषय काढला, तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कंपाउंडर हो म्हणून मोकळे झाले. बहिणीसाठी काही करायची संधी त्यांना आजवर फारशी मिळाली नव्हती. लहानपणापासून सगळं तीच करत आली होती.

रविवारी सकाळी ती भुऱ्याला घेऊन आली आणि जिन्यातच थांबली. आधी बाहेर भेट घालून द्यायची का, असं तिने विचारलं. तूच तर सांगतोस सगळ्यांना, असंही म्हणाली.

"ते लोकांना सांगतो," कंपाउंडर हसून म्हणाले. "माझी कुत्री माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बहीण बघतेय म्हटल्यावर त्यांना चेव आला. त्यांनी भुऱ्याला थेट स्वयंपाकघरात नेलं, जमादारीण खात होती तिथे, आणि त्याचं भांडं तिच्या भांड्याला खेटून ठेवलं. बघा कशी शेजारी शेजारी जेवतात, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

सगळा प्रकार मोजून चार-पाच सेकंदांचा. भांडी उलटली, ढब्बू खाटेखाली गेला आणि बायकोने, कुणीही घालू नये तसा, मध्ये हात घातला. कंपाउंडरांनी दोघांना ओढून वेगळं केलं तेव्हा तिच्या मनगटातून रक्त वाहत होतं.

नळाखाली साबण लावून जखम धुताना बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला रक्त बघवत नसे. कंपाउंडरांना मात्र बघावंच लागलं. एका बाजूला सुळ्याचं खोल भोक होतं आणि त्याच्या जोडीचं जिथे असायला हवं तिथली कातडी कोरी होती. जमादारणीचा वरचा डावा सुळा गेल्या वर्षी काढला होता. डॉक्टरीणबाईंनी तो उपटला तेव्हा जबडा धरून स्वतः कंपाउंडरच उभे होते. आपलंच अक्षर ओळखावं तशी त्यांनी ती जखम ओळखली.

"कुणाचा दात लागला हो?" बायकोने विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात ताई भुऱ्याची साखळी धरून उभी होती. जमादारीण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता : भांडी शेजारी ठेवली कुणी? ज्याने गावभर सल्ले वाटले, त्याने.

"भुऱ्याचा," कंपाउंडर म्हणाले.

ताईने साखळी हाताला गुंडाळली. भुऱ्याला घेऊन ती जिना उतरून गेली. बायकोला इंजेक्शनं सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी कंपाउंडरांनी भुऱ्याच्या मापाचं मुसकं दवाखान्यातल्या माणसाबरोबर ताईकडे पाठवून दिलं. आपण केवढी काळजी घेतोय, असं तेव्हा त्यांना खरोखर वाटलं. माणूस स्वतःला किती सहज फसवू शकतो, हे त्यांना नंतर कळलं.

दवाखान्यात एक रीत होती, तीही त्यांनीच पाडलेली. जे कुत्रं माणसाला चावलं असेल त्याच्या केसपेपरचा वरचा कोपरा लाल शाईने रंगवायचा, म्हणजे पुढच्या वेळी हात लावणारा सावध राहतो. हाताला पट्टी बांधलेली कंपाउंडरांची बायको बघून डॉक्टरीणबाईंनी चार लोकांसमोर विचारलं, कोपरा रंगवला का? कंपाउंडरांनी भुऱ्याचा कागद काढला आणि रंगवला. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ते उभे राहिले.

आठवड्याने एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको आली. त्यांना शांत, वयस्क कुत्रं हवं होतं. डॉक्टरीणबाईंना लगेच भुऱ्या आठवला, ताई त्याच्यासाठी घर शोधत होती. त्यांनी फाईल काढली, कोपरा बघितला आणि कागद परत आत सरकवला. "हे राहू दे," एवढंच म्हणाल्या. कंपाउंडर टेबलाच्या पलीकडे, दोन हातांवर उभे होते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी टेबलावरच्या बाटल्या ओळीत लावल्या. मास्तर आणि त्यांची बायको दुसऱ्याच एका कुत्र्याचा पत्ता घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. चावऱ्या कुत्र्याला कुणी घेत नाही, तेव्हा सोमवारी त्याला कोंडवाड्यात सोडून येणार, असं तिने सांगितलं. आवाजात रुसवा नव्हता, रडू नव्हतं. तो कोंडवाडा कंपाउंडरांनी पाहिला होता. तिथे चावरी कुत्री मरेपर्यंत साखळीला असत.

दुसऱ्या दिवशी ते ताईच्या घरी गेले. ती जिन्यातच भेटली, भुऱ्याला फिरवून वर आणत होती. भुऱ्याच्या तोंडाला ते मुसकं होतं. बातमी इमारतभर झाली होती आणि मुसक्याशिवाय त्याला जिन्यातून न्यायचं नाही असं शेजाऱ्यांनी बजावलं होतं. आठ वर्षं याच जिन्यात पोरांनी त्याच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळून घेतलं होतं. कंपाउंडरांना बघून भुऱ्याने शेपटी हलवली आणि ते जाळीतलं तोंड त्यांच्या गुडघ्यावर घासलं.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या पायरीवर कळलं. त्यांनी खाली बसून मुसक्याचा बंद सोडला.

"ताई, तो नव्हता. जमादारीण होती."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "मी दारातच उभी होते."

त्यांना मान वर करता येईना.

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या बायकोसमोर तुला कसं खोटं पाडू? म्हटलं, दुसऱ्या दिवशी येशील, सांगशील. दुसऱ्या दिवशी तू मुसकं पाठवलंस." ती पायऱ्या चढू लागली. "तेही बरोबर मापाचं."

घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं. तिने पट्टी सोडून पहिल्यांदाच मनगटाकडे नीट बघितलं. जमादारणीला मी घराबाहेर काढणार होते का, असं तिने विचारलं आणि जमादारणीशेजारी जाऊन बसली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद बदलून द्यायला नकार दिला. रंगवलेला कोपरा पुसता येत नाही, ही रीत तुमचीच, म्हणाल्या. खाली खुलासा लिहा आणि सही करा. बाकड्यावर सात-आठ माणसं बसली होती, त्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी धडा म्हणून दाखवलेला. कंपाउंडरांनी लिहिलं : हा कुत्रा चावला नाही. चावली ती माझी कुत्री. तिच्यापुढे भांडं मी ठेवलं आणि इथे खोटं मी लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी ते मोठ्याने वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. मग जमादारणीचा कागद काढून त्याचा कोपरा लाल केला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

ताईने भुऱ्याला कोंडवाड्यात नेलं नाही. त्याला तुझ्याकडेच ठेवेन, पण या वेळी लोकांना सांगतोस तसंच सगळं करायचं, असं तिने बजावलं. आधी अंथरुणं बदलली. मग दवाखान्यामागच्या मैदानावर रोज संध्याकाळी एका कडेने कंपाउंडर जमादारणीला घेऊन चालायचे, तीस पावलांवरून ताई भुऱ्याला घेऊन. दुसऱ्या दिवशी पंचवीस पावलं. तिसऱ्या दिवशी वीस. जमादारीण पहिल्यांदा गुरगुरली, मग नुसतं बघायला लागली, पाचव्या दिवशी तिने बघणंही सोडलं आणि गवत हुंगत राहिली. भुऱ्या तर केव्हाच शेपटी हलवत होता.

सातव्या दिवशीही अंतर वीस पावलांचंच होतं. कंपाउंडर एक पाऊल जवळ सरकले की पलीकडे ताई एक पाऊल लांब सरकत होती. तिचं लेकीकडे जाणं चार दिवसांवर आलं होतं.

"ताई, आता जवळ आलीस तरी चालेल," त्यांनी हाक मारून सांगितलं. "कुत्री तयार आहेत."

ताई चालत राहिली. तिने मान वळवली नाही.

"कुत्री असतील," ती म्हणाली.

कंपाउंडरांनी साखळी आखडून घेतली आणि वीस पावलांवरून तिच्या चालीशी चाल जुळवत मैदानाच्या टोकापर्यंत गेले.