‘नको’ म्हणणाऱ्याचा वाडगा

मेंगियाने बर्फ किती पक्का आहे ते बघायला त्यावर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून हलक्या चापट्या मारल्या. कोपरातून जोरात मारायची वेळच आली नाही. खड्ड्याच्या कडेला कापून ठेवलेला बर्फाचा ठोकळा मधेच तुटला आणि त्याचा वरचा भाग फळीसारखा सरकत तिच्या मांडीवर आला. खाली उरला तो भुसभुशीत थर, मुठीत घेतला तर जाड साखरेसारखा गळून जाणारा. समोर नैरा डोंगराचा उतार उन्हात झळाळत होता. त्याच्या बर्फाखालीही हीच साखर असणार; कोणी वर गेलं की अख्खा थर असाच सरकायचा.

तिचा धाकटा भाऊ कुर्दिन स्कीवर उभा राहून चुळबुळत होता. "झालं का खोदकाम? अगं, कालचे माग दिसतायत बघ. चौघं गेले, चौघं धडधाकट खाली पोचले."

"काल संध्याकाळी वारा सुटला होता. वरचा बर्फ कालचा नाही राहिला."

"तुला ना, आपल्या अंगणातसुद्धा बर्फाची दरड दिसते!"

हे तिला लागलं. या हिवाळ्यात तिने दोनदा सगळ्यांना माघारी फिरवलं होतं आणि ते दोन्ही उतार अजून ठणठणीत होते. बर्फाचा हा खास खवचटपणा. दरड आली नाही तर तुम्ही भित्रे, आणि आली तर शाबासकी द्यायला कोणी उरत नाही.

तिने लूत्सीकाकांकडे पाहिलं. सगळा जन्म त्यांनी लोकांना या डोंगरांत वाट दाखवण्यात घालवला होता. घरातला नियमही त्यांचाच होता. तिघांतला एकजण जरी ‘नको’ म्हणाला तरी सगळे परत फिरायचे, कोणी कारण विचारायचं नाही, आणि खाली विश्रामघरात बार्लीच्या सुपाचा पहिला वाडगा त्या ‘नको’ म्हणणाऱ्याचा. आज ते काकांनीच म्हणून टाकावं असं तिला फार वाटत होतं. काका नुसते दाढी खाजवत राहिले.

"नको," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला.

"चला, फिरा," काका म्हणाले.

जंगलातल्या वाटेने उतरताना कुर्दिन तिच्या शेजारी आला. "पुढच्या रविवारी मी एकटा येणार. मग म्हणत बस ‘नको’." मेंगियाला ठाऊक होतं, हा पोरगा बोलतो ते करतो.

विश्रामघराच्या खिडकीतून नैराचा उतार पुरता दिसायचा. सूप आलं तसा कुर्दिन सुरू झाला. "वाढा, आधी बाईसाहेबांना वाढा! बघ, तुझा उतार जागच्या जागी आहे."

तिने वाडग्याला हात लावला नाही. उताराकडे बघत ती मनात म्हणत होती, पड. एकदाचा पड ना रे बाबा. म्हणजे हा एकटा यायचा नाही.

तेवढ्यात वरच्या धारेवर दोन ठिपके दिसले. काका ताडकन उठले. "अरे, कोण आहेत हे?"

ओरडून काही ऐकू जाणार नव्हतं. पहिला ठिपका उतारावर सुटलासुद्धा. मेंगिया खिडकीला जाऊन चिकटली. नको, नको पडू. धरून ठेव. मला खोटं पाड, जन्मभर खोटं पाड, पण धरून ठेव. पहिला खाली पोचला. दुसरा निघाला आणि नेमका मध्यावर थांबून बुटाशी खटपट करू लागला. तिच्या मनगटात कोणाची तरी नखं रुतली होती. शेवटी तोही हलला, वळणं घेत खाली आला आणि झाडांआड गेला.

उतार तसाच उभा होता. मेंगियाला रडू कोसळलं. ती तिसऱ्यांदा खोटी ठरली होती आणि त्याचा इतका आनंद होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आता टोमणा येणार म्हणून ती वळली.

कुर्दिनचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचं मनगट त्याने अजून सोडलं नव्हतं.

"मला वाटलं, पडणार," तो म्हणाला. मग त्याने तिचा वाडगा उचलला. "निवलंय हे. गरम आणतो. आधी तू घे."

दोन पावलं जाऊन तो थांबला. "रविवारी येशील ना? खड्डा खणायला?"